ग्रीस न पाहिलेला ‘ग्रीक’ थॉमसन

आर्किटेक्चरच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: ‘मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आखला, त्यानेच ग्लासगो विद्यापीठाची इमारतही केली, आणि तिथल्या अलेक्झांडर थॉमसन नावाच्या आर्किटेक्टने तिला जाहीर विरोध केला, असं वाचनात आलं. या थॉमसनला “ग्रीक” थॉमसन म्हणतात, पण तो ग्रीसला कधी गेलाच नव्हता. मग त्याचं काम म्हणजे पुस्तकातून उचललेली नक्कलच नाही का? आज शिकणाऱ्याने त्याच्याकडून काय घ्यावं?’

नक्कल नाही. हे मी त्याची भक्त म्हणून सांगत नाही, दुरुस्ती करणारी म्हणून सांगते. जुन्या दगडी इमारती सांभाळणं हे माझं रोजचं काम. सुरुवातीची वर्षं मुंबईत गेली, पुढची सतरा ग्लासगोत. परांचीवर चढून इमारत हाताने चाचपली की बांधणाऱ्याने कुठे विचार केला आणि कुठे नुसतंच चित्र उतरवलं, ते लपत नाही. थॉमसनने पुस्तकं भरपूर पाहिली होती. पण दगडाला हात लावला तेव्हा ती मिटून ठेवली होती, असं त्याच्या प्रत्येक इमारतीत जाणवतं.

आधी माणूस. जन्म ९ एप्रिल १८१७, स्कॉटलंडच्या स्टर्लिंगशायरमधल्या बालफ्रॉन गावी. वडील तिथल्या सूतगिरणीत हिशेबनीस. वडिलांच्या दोन लग्नांची मिळून वीस मुलं, त्यात हा सतरावा. सात वर्षांचा असताना वडील गेले, कुटुंब ग्लासगोजवळ आलं, काही वर्षांत आईही गेली. मोठ्या भावाच्या आधाराने वाढलेला हा मुलगा बाराव्या-तेराव्या वर्षी एका वकिलाच्या कचेरीत लेखनिक म्हणून लागला. तिथे त्याची चित्रं रॉबर्ट फूट नावाच्या आर्किटेक्टच्या नजरेस पडली आणि फूटने त्याला उमेदवारीला घेतलं. त्यानंतर १८३६ पासून जॉन बेअर्डकडे ड्राफ्ट्समन. म्हणजे स्वतःच्या नावाने काम सुरू करायच्या आधी बारा-तेरा वर्षं तो दुसऱ्याच्या ड्रॉइंग बोर्डवर वाकलेला होता. आजच्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगते.

१८४७ साली त्याचं लग्न झालं. बायको जेन निकल्सन, म्हणजे पीटर निकल्सनची नात. सुतारकाम आणि बांधकामाची भूमिती यांवरच्या पीटर निकल्सनच्या पुस्तकांवर ब्रिटनमधले कित्येक कारागीर शिकले. त्याच दिवशी जेनच्या बहिणीचं लग्न आणखी एका जॉन बेअर्डशी लागलं. हा बेअर्ड वेगळा, पहिल्याशी नातं नाही, फक्त नाव तेच. हे दोघे साडू मग भागीदार झाले आणि १८५७ पर्यंत त्यांनी बरोबर काम केलं. त्यानंतर अलेक्झांडरने धाकटा भाऊ जॉर्ज याच्याबरोबर फर्म काढली. आपण ज्याला थॉमसनचं काम म्हणतो, त्यातलं बहुतेक या फर्मचं.

याच सुमाराला, १८५४ ते १८५७ या काळात, थॉमसनच्या घरात एकामागून एक मुलं दगावली. शहरात कॉलरा होता. ग्लासगोची वस्ती १८०१ मध्ये सुमारे ७७ हजार होती, १८७१ पर्यंत ती पावणेपाच लाखांवर गेली; गटारं, पाणी, घरं काहीच त्या वेगाने वाढलं नाही. कॅलेडोनिया रोडचं चर्च, सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटचं चर्च, होमवूड नावाचं घर, लँगसाइडची जोडव्हिला ही त्याची सगळी कामं १८५६-५७ च्या दोन वर्षांत सुरू झाली. तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या की मला दर वेळी थांबावं लागतं. त्यावर जास्त काही लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

आता स्कॉटबरोबरचं भांडण, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

ग्लासगो विद्यापीठ जुन्या हाय स्ट्रीटवरून गिलमोरहिलच्या टेकडीवर हलवायचं ठरलं आणि काम लंडनच्या स्कॉटला दिलं गेलं. शहरातल्या आर्किटेक्टना कुणी विचारलंही नाही. स्कॉटने गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन चर्चसारख्या टोकदार कमानींचा, आराखडा दिला. १८६६ मध्ये थॉमसनने ग्लासगोच्या आर्किटेक्ट मंडळींसमोर एक लांबलचक भाषण करून त्या आराखड्याची चिरफाड केली. स्थानिकांना डावलल्याचा राग त्यामागे होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण भाषणाचा गाभा मानापमानाचा नव्हता. गॉथिक ही आपली राष्ट्रीय शैली आहे, ख्रिस्ती शैली आहे, स्वस्त आहे, कुठल्याही गरजेला वळवता येते, असे जे दावे तेव्हा सर्रास चालत, ते त्याने एकेक करून तपासले. आणि शेवटी बांधकामाच्या मुद्द्यावर तो म्हणाला की यॉर्कच्या भव्य कॅथेड्रलपेक्षा स्टोनहेंज, म्हणजे इंग्लंडमधलं प्रागैतिहासिक उभ्या-आडव्या शिळांचं वर्तुळ, जास्त शास्त्रशुद्ध बांधलेलं आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा अतिरेक वाटला होता. मग एकदा एका जुन्या कमानीच्या भिंतीला पडलेली चीर वर्षभर मोजत बसायची वेळ आली आणि त्याचं म्हणणं पटलं. कमान सतत बाहेर ढकलत असते. तिचा रेटा अडवायला बाजूला जड भिंत किंवा टेकू लागतो, आणि तो टेकू एक बोटभर जरी सरकला तरी कमानीला ते कळतं. उभे दोन दगड आणि त्यांवर आडवा तिसरा, यात वजन सरळ खाली जातं; कुणी कुणाला ढकलत नाही. थॉमसनचं म्हणणं एवढंच होतं की ज्या रचनेत स्वतःला पाडण्याचं बी आहे, तिच्यावर कायमची वास्तुकला उभी करू नये.

इथे आपल्याकडचा एक खरा धागा आहे. ‘कमान कधी झोपत नाही’ हे हिंदू कारागिरांचं वचन युरोपात पोचवलं ते जेम्स फर्ग्युसनने. हाही स्कॉटिश, थॉमसनपेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बंगालमध्ये निळीच्या धंद्यात पैसा केला आणि मग अजिंठा, वेरूळ, कार्ले अशी लेणी हिंडून त्यांवर लिहिलं. सिन्नरचं गोंदेश्वर किंवा कुठलंही हेमाडपंती देऊळ ज्याने आतून नीट पाहिलं आहे, त्याला खांब-तुळईचा हा न्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

भांडणाचा निकाल काय लागला ते आज दिसतंच. स्कॉटची इमारत उभी राहिली, १८७० मध्ये विद्यापीठ तिथे गेलं, आणि तिचा मनोरा आज त्या शहराची ओळख आहे. त्याच काळात स्कॉट मुंबईसाठीही आराखडे काढत होता. दीक्षान्त सभागृह १८७४ ला आणि प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ ला पुरा झाला. स्कॉट मुंबईला कधी आला नाही. ओव्हल मैदानावरून तो मनोरा बघत मी मोठी झाले, मला तो अतिशय प्रिय आहे, आणि ‘जागा न पाहता केलेलं काम म्हणजे नक्कल’ हा नियम लावला तर तोही बाद होईल. म्हणून ग्रीसला गेला की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवते.

थॉमसन ब्रिटनबाहेर गेला नाही, हे खरं. त्याच्यापुढे होती ती कोरीव चित्रं, मोजमापांची पुस्तकं, इजिप्तमधल्या देवळांची चित्रं, बायबलमधलं सॉलोमनच्या मंदिराचं वर्णन, बर्लिनचा आर्किटेक्ट शिंकेल याच्या कामाचे नकाशे. पण याच साहित्यावर त्याच्या आधीच्या पिढीने ब्रिटनभर ग्रीक देवळांसारख्या बँका आणि कोर्टं बांधली होती. मुंबईचा टाउन हॉलही त्याच लाटेतला, १८३३ साली पुरा झालेला. त्या लोकांबद्दल थॉमसनचं मत कडक होतं: त्यांना दगडाच्या पलीकडचे नियम दिसले नाहीत, शैलीवर हुकमत आली नाही, म्हणून ते तिचे गुलाम झाले. आपल्या प्रश्नातला ‘नक्कल’ हा शब्द त्याने स्वतःच आधी वापरला असता, फक्त दुसऱ्यांबद्दल.

मग त्याने काय वेगळं केलं? सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटच्या चर्चसमोर चला.

जागा अडचणीची. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर तीव्र चढ. साधा आर्किटेक्ट असता तर टेकडी कापून सपाट केली असती, नाहीतर पायऱ्यांचा डोंगर उभा केला असता. थॉमसनने उतारावर प्रचंड जोतं उभारलं, आणि त्यावर आयोनिक, म्हणजे माथ्यावर गुंडाळीची नक्षी असलेल्या, ग्रीक खांबांचं देऊळ ठेवलं. खालून पाहणाऱ्याला वाटतं की लोक वरच्या देवळात बसत असणार. आत गेलं की कळतं, सभागृह जोत्याच्या पोटातच उतरलेलं आहे. खालच्या बाजूचे कक्ष जोत्यातल्या खिडक्यांनी उजळतात आणि वरचं ‘देऊळ’ म्हणजे उंचावरून प्रकाश आत सोडणारा भाग. ग्रीक देवळात देवाची मूर्ती आत आणि माणसं बाहेर. इथे शेकडो माणसांनी आत बसून प्रवचन ऐकायचं. हे चर्च युनायटेड प्रेसबिटेरियन लोकांचं; हा १८४७ मध्ये दोन पंथ एकत्र येऊन झालेला ख्रिस्ती संप्रदाय. सरकारी आश्रय नाही, व्यापाऱ्यांच्या वर्गणीवर चालणारा, आणि त्यात प्रवचनाला सगळ्यात जास्त मान. थॉमसन स्वतः त्याच संप्रदायाचा आणि कॅलेडोनिया रोडच्या मंडळीतला वडीलधारा. त्यामुळे कुठून ऐकू येतं, कुठून दिसतं, हे त्याला बसून माहीत होतं.

आतले खांब बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. दगडाचे असते तर निम्म्या लोकांना प्रवचनकार दिसलाच नसता. बीड होतं म्हणून खांब बारीक ठेवता आले, आणि त्यांच्या माथ्यावर थॉमसनने ग्रीसमध्ये कुठेही न सापडणारी फुलं-पानं उमलवली. माझ्या मते त्या इमारतीतलं सगळ्यात धीट काम हे बीडाचे खांबच आहेत. बाहेरून दगड दगडासारखा वागतो, आतून लोखंड लोखंडासारखं.

मनोऱ्याबद्दल वाद घालावा तेवढा थोडा. वर लांबट घुमट, खाली जाडजूड चौकोनी अंग. कुणाला त्यात इजिप्त दिसतो, कुणाला भारत, कुणाला असीरिया. मला तरी त्यात कुठल्याही एका देशाचं नाव घ्यावंसं वाटत नाही. ‘ग्रीक’ हे टोपणनाव सोयीचं आहे, पण फार अपुरं आहे.

घरांकडे वळू, कारण विद्यार्थ्याने थॉमसन शिकायचा तर घरांतून शिकावा असं मला वाटतं.

लँगसाइडची जोडव्हिला १८५६-५७ ची. दोन कुटुंबांसाठी एका छताखाली दोन घरं. नेहमीची रीत अशी की मधल्या भिंतीला आरसा धरल्यासारखी दोन्ही घरं डावी-उजवी जुळवायची. पुढून पाहिलं की दोन दारं, दोन जिने, आणि घर अर्धं आहे हे लगेच कळतं. थॉमसनने एकच आराखडा काढला आणि दुसरं घर करताना तो अर्धा फेरा फिरवला. त्यामुळे एका घराचा पुढचा भाग जिथे, तिथे दुसऱ्याचा मागचा. रस्त्याच्या बाजूने पाहा की बागेच्या बाजूने, दोन्हीकडून एकच मोठी, मुद्दाम असमान ठेवलेली व्हिला दिसते आणि दोन्हीकडून ती तंतोतंत सारखी दिसते. मधल्या उत्पन्नाच्या दोन कुटुंबांना प्रत्येकी एका बंगल्याचा रुबाब मिळाला. यात ग्रीक काय? काही दागिने सोडले तर काहीच नाही. निव्वळ भूमिती आहे, आणि ती पाहताना मला बायकोच्या आजोबांची, पीटर निकल्सनची, आठवण येते.

स्ट्रॅथबंगोचं मोरे प्लेस १८५९ ते १८६१ चं. दहा घरांची एक ओळ. दोन टोकांची घरं थोडी पुढे आलेली, त्यांवर त्रिकोणी माथा. बाकी सगळी रांग शांत. वरच्या मजल्यावर एकासारखे एक ५२ चौकोनी खांब ओळीने चालत जातात. कुठे एक घर संपलं आणि दुसरं सुरू झालं, ते वर पाहून सांगता येत नाही. पुनरावृत्तीवर त्याची श्रद्धा होती; सारखी गोष्ट पुन्हा पुन्हा आली की मन अनंताकडे जातं, असं तो मानत असे. समोरून आजही लोकल गाड्या जातात. गाडीतून मोरे प्लेस सरकताना पाहिलं की ती ५२ खांबांची लय अंगात उतरते. मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम त्या गाडीने नेते. यातलं पहिलं घर थॉमसनने स्वतःसाठी घेतलं आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. पुढे बऱ्याच काळानंतर त्याच घरात इतिहासकार गॅव्हिन स्टॅम्प राहायला आले. त्यांनीच १९९१ मध्ये थॉमसनच्या नावाची संस्था उभी करून त्याच्या इमारतींसाठी आयुष्यभर भांडण मांडलं.

होमवूड हे कॅथकार्टमधलं घर १८५७-५८ मध्ये जेम्स कूपर या कागद गिरणीच्या मालकासाठी बांधलं. डावीकडे बैठकीच्या खोलीची गोल खिडकी: पुढे सुटे दगडी खांब अर्धवर्तुळात उभे आणि काच त्यांच्या मागे वेगळ्या लाकडी चौकटीत. दगडाच्या खांबात काच खोचलेली नाही. दोघांमध्ये हात जाईल एवढी जागा आहे. भार दगडाने घ्यायचा, पाऊस-वारा काचेने अडवायचा, दोघांची कामं वेगळी. पुढच्या शतकात काच-काँक्रीटच्या इमारतींनी जी गोष्ट मोठ्या घोषणा देत केली, ती इथे एका गिरणी मालकाच्या बैठकीत मुकाट करून ठेवलेली आहे.

उजवीकडे जेवणाची खोली. तिच्या भिंतीवर वर फिरती चित्रपट्टी आहे. इंग्लिश शिल्पकार फ्लॅक्समनने ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यातल्या प्रसंगांची जी रेखाचित्रं काढली होती, ती मोठी करून रंगवलेली. विसाव्या शतकात हे घर बरीच वर्षं ख्रिस्ती जोगिणींच्या मठाकडे होतं, जेवणाच्या खोलीचं प्रार्थनागृह झालं आणि भिंतींवर रंगाचे हात चढले. १९९४ मध्ये स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टने घर घेतलं आणि ते थर हळूहळू उतरवायला सुरुवात केली. हे काम किती संथ असतं ते ज्याने केलं त्यालाच माहीत. बोटभर रुंदीची सुरी, भिंग, दिवा. अख्ख्या दिवसात तळहाताएवढा तुकडा मोकळा होतो. पण खालून तो विटकरी-लाल आणि निळा रंग, साच्याने उमटवलेली पानं वर येतात तेव्हा कळतं की थॉमसनची घरं करडी नव्हतीच. महाग लाकडाऐवजी साध्या पाइनवर रंग आणि साचे वापरून त्याने खोल्या भरून टाकल्या होत्या. दगडातही तसंच: उंच उठावाचं महागडं शिल्प टाळून सपाट चिऱ्यावर उथळ रेघा खोदायच्या, त्याच त्या ग्रीक किल्लीच्या (काटकोनात वळत जाणाऱ्या रेघेच्या) आणि पानांच्या आकृत्या फिरवून वापरायच्या. कमी पैशात समृद्ध दिसणं ही त्याची खास हातोटी होती.

शहरातल्या व्यापारी इमारतींत ‘इजिप्शियन हॉल्स’ सगळ्यात प्रसिद्ध. युनियन स्ट्रीटवर, १८७० ते १८७२. खाली दुकानांची काच, त्यावर मजल्यागणिक वेगळ्या जातीचे खांब, आणि सगळ्यात वर बुटके, फुगीर इजिप्शियन खांब. या खांबांच्या मागून काचेची अखंड पट्टी धावते. वरून जड कंगोरा सगळ्याला दाबून बसवतो. रस्ता अरुंद आहे, इमारत समोरून कधीच पूर्ण दिसत नाही, नेहमी तिरपीच दिसते. आणि तिरप्या नजरेलाच तिची आडवी रेघ सगळ्यात जोरकस लागते. मला खात्री आहे की हे त्याने रस्त्यावर उभं राहून ठरवलं होतं. या इमारतीचे वरचे मजले दशकानुदशकं रिकामे पडले आहेत आणि कित्येक वर्षं दर्शनी भाग परांचीच्या आड आहे.

एक काम कागदावरच राहिलं, पण ते सांगितल्याशिवाय हा माणूस अर्धाच कळेल. १८६६ च्या कायद्याने ग्लासगोच्या कोंदट वस्त्या पाडून नव्याने बांधायचं ठरलं. त्यासाठी १८६८ मध्ये थॉमसनने कामगारांच्या चाळींची एक योजना मांडली: इमारतींच्या समांतर ओळी, आणि मधल्या एकाआड एक गल्ल्यांवर काचेचं छत. सतत पाऊस पडणाऱ्या शहरात मुलांना खेळायला कोरडी, उजेडाची जागा. ती बांधली गेली नाही. गिरणगावातल्या चाळीचा चौक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या योजनेची किंमत वेगळी समजावायला नको.

आता तुम्ही न विचारलेलं, पण माझ्या धंद्यातलं. त्याच्या इमारती इतक्या का गेल्या?

क्वीन्स पार्कचं चर्च १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. कॅलेडोनिया रोडचं चर्च १९६५ मध्ये आगीत गेलं. गॉर्बल्समध्ये त्याचा मनोरा आणि खांबांची ओळ आज छपराविना उभी आहे. एग्लिंटन स्ट्रीटवरची त्याची मोठी राहती इमारत १९८० च्या सुमाराला पाडली. तीन थोर चर्चपैकी धड एकच उरलं. युद्ध आणि रस्तारुंदी यांना दोष देता येतो, पण मी जे रोज पाहते ते पाणी आहे.

थॉमसनला आडवी रेघ हवी होती, म्हणून त्याने छपरांचा उतार कमी ठेवला आणि पन्हळी कंगोऱ्याच्या मागे लपवल्या. शिशाचा पत्रा लावलेल्या त्या पन्हळी साफ ठेवल्या तर शतकभर चालतात. एक कबुतराचं घरटं अडकलं की पाणी तुंबतं, भिंतीच्या पोटात उतरतं, लाकडी तुळयांची टोकं कुजवतं, आणि बाहेरून दोन-चार वर्षं काहीच दिसत नाही. हा त्याच्या आराखड्यातला खरा कमकुवत दुवा आहे. त्याच्यावर माझा कितीही जीव असला तरी हे सांगायलाच हवं.

दुसरं म्हणजे दगड. ग्लासगोचा फिकट वाळूदगड, शहराच्या दक्षिणेला गिफनॉकला तो निघायचा. सह्याद्रीच्या काळ्या दगडाशी सवय झालेल्या हाताला तो साखरेसारखा लागतो. तो पाणी पितो आणि चुन्याच्या दरजांमधून श्वास टाकतो. दक्षिण ग्लासगोतल्या एका घराच्या ओळीवर मी काम केलं, तिथे आधीच्या ठेकेदाराने चुना खरवडून सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. दिसायला व्यवस्थित, टणक. पाण्याला बाहेर पडायला दरज उरली नाही, म्हणून ते दगडाच्या तोंडातून बाहेर पडू लागलं. थंडीत गोठलं आणि कोरीव पट्टीचे पापुद्रे सुटले. मी बोटाने हलकेच दाबलं तर किल्लीच्या नक्षीचा एक कोपरा वाळू होऊन हातात आला. दीडशे वर्षं टिकलेली रेघ. ज्यांनी सिमेंट भरलं त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना दगड माहीत नव्हता. त्याआधी साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत काजळी काढण्यासाठी वाळूच्या माऱ्याने आणि रसायनांनी स्कॉटलंडभर दगड ‘उजळले’ गेले, त्यानेही फार नुकसान केलं. आपल्याकडे मालाड आणि कुर्ल्याच्या दगडाच्या इमारतींवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

थॉमसन २२ मार्च १८७५ रोजी मोरे प्लेसमधल्या घरी गेला, वय ५७. छातीचा विकार बरीच वर्षं होता. आदल्याच वर्षी त्याने ग्लासगोच्या कलाशाळेत चार व्याख्यानं दिली होती. सदर्न नेक्रोपोलिसमध्ये त्याला पुरलं. कबरीवरचा मूळ दगड केव्हाच नाहीसा झाला होता. २००६ मध्ये तिथे काळ्या ग्रॅनाइटचं नवं स्मारक बसवलं. त्याच्या नावाने मित्रांनी प्रवास शिष्यवृत्ती ठेवली, प्राचीन अभिजात वास्तुकलेच्या अभ्यासासाठी. १८९० मध्ये ती एका बावीस वर्षांच्या मुलाने जिंकली, खांबांच्या एका सार्वजनिक सभागृहाचा आराखडा देऊन, आणि पुढच्या वर्षी तो त्या पैशांवर इटली पाहून आला. त्याचं नाव चार्ल्स रेनी मॅकिंटॉश. आज ग्लासगोला लोक मॅकिंटॉशच्या इमारतींसाठी जातात, आणि जाताना सेंट व्हिन्सेंट स्ट्रीटवरून न थांबता पुढे निघतात.

आता शेवटचा प्रश्न, काय घ्यावं. खांबांची शीर्षं घेऊ नका, ती त्याच्याजवळच शोभतात. सुरुवात जोडव्हिलापासून करा. तिचा तळमजला मिळवा आणि एका घराची बाह्यरेषा, भिंती, दारं ट्रेसिंग पेपरवर उतरवा. दोन घरांच्या सामाईक भिंतीच्या मध्यावर टाचणी टोचा आणि कागद १८० अंश फिरवा. दोन्ही घरं एकमेकांत बसतील. मग टाचणी तशीच ठेवून स्वयंपाकघराची खिडकी एक हात सरकवून पाहा, आणि त्या एका बदलाने दुसऱ्या कुटुंबाच्या बैठकीसमोर काय आलं ते मोजा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पहिल्या आठवड्यात मी हेच देते. पहिला प्रयत्न सहसा फसतो. तीन-चार कागद हाताशी ठेवा.